दत्तूभाऊंची पाटी

दत्तूभाऊ नव्या पार्टला कुंकू लावायचे. हसू नका, मी हसले होते. आमच्या गावच्या फ्रीगंज बाजारात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या लॅपटॉपची मेमरी वाढवायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी नवी रॅम पाकिटातून काढली, अनामिकेने तिच्या लेबलवर ओल्या कुंकवाचा मोहरीएवढा ठिपका टेकवला आणि फुंकर घालून वाळवला. "नवीन वस्तू कोरी बसवू नये, ताई. पट्टीच्या कडेच्या या सोनेरी दातांना तेवढं लागू द्यायचं नाही. ते मी सांभाळतो, चिंता नको."

दुकानात पाटी एकच होती: 'आपकी वारंटी नहीं टूटेगी.' तिच्यावरच त्यांचं सगळं चालायचं. वॉरंटीतलं मशीन बाहेर खोलायला लोक घाबरतात, पण देवास गेटपासून माणसं दत्तूभाऊंकडे यायची, कारण हा माणूस कंपनीचं वॉरंटी-पुस्तक भिंग लावून वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावत नसे. "आधी पुस्तक, मग पेचकस," म्हणायचे. पुस्तकात मनाई असेल तर गिऱ्हाईक आल्या पावली परत. एका व्यापाऱ्याने केवढी मनधरणी केली होती माझ्यासमोर! दत्तूभाऊ मान हलवत राहिले. "नहीं सेठजी, इसमें मना लिखा है."

माझंही पुस्तक त्यांनी वाचून दाखवलं. "हे बघा ताई, मेमरी वाढवायला परवानगी लिहिलीय. मी बसवलेल्या पार्टची हमी माझी, बाकी मशीनची कंपनीची. माझ्या पार्टने काही बिघडलं तर माझ्यावर. पण सर्व्हिस सेंटरवाल्यांनी विचारलं की कोणी खोललं होतं का, तर खरं सांगायचं. लपवलेलं सापडलं की ते सगळंच नाकारतात. मग मीही काही करू शकत नाही." मी मान डोलावली. मी शाळेत शिकवते, मान डोलावणाऱ्या मुलांना काय कळलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आठ महिन्यांनी, ऐन परीक्षेच्या दिवसांत, पडदा काळा झाला. सगळ्या प्रश्नपत्रिका त्यात. दत्तूभाऊंकडे आधी जायला हवं होतं, पण आमचे हे म्हणाले, "सरळ इंदूरला कंपनीच्या सेंटरवर दे. आणि बाहेर खोलल्याचं बोलू नकोस, हातसुद्धा लावणार नाहीत." तिथल्या मुलीने विचारलं, "मॅडम, मशीन कहीं खुलवाई थी?" मी म्हटलं, "बिलकुल नहीं." तिने फॉर्मवर तसं लिहिलं, मी खाली सही ठोकली.

चार दिवसांनी मशीन तसंच परत आलं. सोबत कागद: बाहेरचा पार्ट आढळला, त्यावर लाल पदार्थ, वॉरंटी रद्द.

माझं डोकंच फिरलं. तशीच रिक्षा करून फ्रीगंजात गेले. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. मी कागद काउंटरवर आपटला. "ही तुमची पाटी! कुंकू लावून मशीनची वाट लावलीत माझ्या!" दत्तूभाऊंनी भिंग घेऊन कागद सावकाश वाचला. मग एवढंच विचारलं, "ताई, तिथे काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं," मी म्हटलं. सगळ्यांसमोर. आवाज चढवून.

मागे बसलेला एक जण उठला. "भाऊ, मेरा वाला वापस दे दो. अभी रहने दो." त्याच्यामागून दुसराही उठला. दत्तूभाऊंनी दोघांची मशीनं पुसून त्यांच्या हाती दिली. मला ते दिसत होतं. तरी मी लॅपटॉप आणि कागद तिथेच टाकून निघाले.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन स्वतः इंदूरला गेले. संध्याकाळी आमच्या दारात आले, चेहरा उतरलेला. पाणी मागितलं. "ताई, मदरबोर्ड गेलाय. रॅमचा त्यात काही दोष नव्हता, पण ते आता ऐकत नाहीत. नवा मी घालून देतो." का ऐकत नाहीत ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आठवड्याभरात लॅपटॉप चालू झाला, प्रश्नपत्रिका मिळाल्या. पैसे घेतले नाहीत. "हमी दिली होती," म्हणाले.

पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली. आपल्या मराठी लोकांत बातमी पसरायला काय लागतं? हळदीकुंकवाला, मंगल कार्यालयात, भाजीच्या ठेल्यावर दत्तूभाऊंच्या कुंकवाची चेष्टा व्हायची. मीही तिथे असायचे. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं फक्त, ते माझ्याने झालं नाही. पुढे दुकानात मोबाईलची कव्हरं आणि चार्जर तेवढे लटकलेले दिसायचे. एकदा मी मुद्दाम माउस घ्यायला गेले. नवा माउस त्यांनी पाकिटासकट तसाच माझ्या हातात ठेवला. "कुंकू नाही, दत्तूभाऊ?" मी हसून विचारलं. लाज नावाची गोष्ट असते! "सोडलं, ताई," ते म्हणाले. "लोकांना भीती वाटते."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. हृदयविकाराचा झटका. तेराव्याला मी भेटायला गेले, तर वहिनी आतून एक पाकीट घेऊन आल्या. "हे तुमचं. दवाखान्यात म्हणाले होते, ताईंचा कागद त्यांना देऊन टाक, दुकानात नको राहायला. कोणाच्या हाती पडायचा."

मी पाकीट उघडलं. इंदूरच्या फॉर्मची नक्कल होती. मशीन कुठेही खोललेलं नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली माझी ठसठशीत सही. ती नक्कल एकदा काउंटरवर ठेवली असती तर पाटी परत भिंतीवर गेली असती. माणसाने ती पाकिटात बंद करून ठेवली होती.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "मला इंग्रजी येत नाही. काय हो लिहिलंय त्यात?"

"काही नाही, वहिनी," मी म्हटलं. "वॉरंटीचा जुना कागद आहे."