परळच्या टिचक्या, गिरगावात

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. कुणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजली, की मी लगेच घुशी, पाण्याचे पाइप, वरच्या मजल्यावरचं बाळ अशी यादी काढायला बसते. वीस वर्षं दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतेय, त्याचा परिणाम असेल. माझा नवरा अजित तर माझ्याही वरताण. तो ड्राफ्ट्समन आहे, इमारतींचे नकाशे काढतो. जे मोजता येत नाही ते त्याच्या लेखी नाहीच. आणि नेमकं आम्हा दोघांच्याच बाबतीत हे व्हावं... वर्षभर मी गप्प होते. शेवटी अजितच म्हणाला, "लिही. आजाराचं नावही लिही, लपवू नकोस." म्हणून लिहितेय.

अजितला डिप्रेशन होतं. चार वर्षं.

सुरुवात कधी झाली ते सांगता येणार नाही. आधी रविवारी मासे आणायला जाणं बंद झालं. मग मित्रांचे फोन घेणं बंद झालं. मग अंघोळीला उठायलाच अर्धा तास लागायला लागला. रडणं नाही, चिडणं नाही, काहीच नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. एक गोळी झाली, ती बदलून दुसरी झाली, मग दोन एकत्र. तिसऱ्या गोळीने हात थरथरायला लागले — ड्राफ्ट्समनचे हात! डॉक्टर प्रत्येक औषधाला पुरेसा वेळ देत होत्या, समुपदेशनही चालू होतं, पण आत काही हलत नव्हतं. एका संध्याकाळी मी फरसबी निवडत होते. अजित समोर बसला होता. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी नसलो तर तुला सोपं जाईल गं, मेघा."

मी सुरी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबरला आम्ही डॉक्टरांच्या केबिनमध्ये होतो.

तिथे पहिल्यांदा टीएमएस हा शब्द ऐकला. चुंबकाने मेंदूला चेतना देण्याची ट्रीटमेंट. माझा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो तोच — "म्हणजे शॉक?" डॉक्टर म्हणाल्या, "नाही. भूल नाही, झटका नाही. पेशंट जागा असतो, गप्पा मारू शकतो." कपाळाच्या डाव्या बाजूला, जरा वर, मेंदूचा एक भाग असतो. डिप्रेशनमध्ये तो बऱ्याचदा सुस्त पडलेला असतो. डोक्यावर एक कॉइल टेकवतात. तिच्यातून चुंबकीय लहरी सुटतात, कवटीतून आरपार जातात आणि त्या भागात अगदी बारीक वीज निर्माण करतात. रोज रोज असं जागं केलं की तो भाग आणि त्याला जोडलेल्या बाकीच्या वाटा हळूहळू पुन्हा कामाला लागतात. नववीच्या पोरांना मी जे तारेचं वेटोळं आणि चुंबक शिकवते ना, तेच. इतकी वर्षं मी ते फळ्यावर काढत होते आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यासाठी कुणीतरी त्याची खुर्ची तयार केली होती! खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी माझ्या विषयाचा फार अभिमान वाटला.

"सगळ्यांना गुण येतो?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर सरळ म्हणाल्या. "पण ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना येतो."

परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत ते क्लिनिक आहे. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठ, सहा आठवडे. यंत्र चालवणारी प्राची नावाची मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने डोक्यावर कॉइल इकडेतिकडे सरकवत एकेक ठोका दिला, आणि एका जागी अजितच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. "हे बघा सर, सापडलं," ती म्हणाली. अंगठा किती जोरावर उडतो त्यावरून प्रत्येकाची मात्रा ठरवतात. मग कॉइल पुढे सरकवून नेमक्या जागी बसवली. कानात बोळे घातले. आणि सुरू — टकटकटकटक... चार सेकंद. मग थोडी विश्रांती. मग परत टकटकटकटक. अजित म्हणाला, कुणीतरी कपाळावर टिचक्या मारतंय असं वाटतं.

आता गिरगावचं सांगते. अजितची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गिरगावात मोठ्या दिरांकडे असतात. वय अठ्ठ्याहत्तर. आजाराचं त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. अजितची सक्त ताकीद होती — "आईला कळता कामा नये." अजितला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, एवढंच गिरगावात माहीत. टीएमएसचं तर आम्ही दोघं आणि क्लिनिक सोडून कुणालाच माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण इथेच सगळी गोची आहे.

दोन आठवडे झाले. काही फरक नाही. दुसऱ्या शुक्रवारी क्लिनिकच्या लिफ्टमध्ये अजित म्हणाला, "बस झालं. सोमवारपासून मी येणार नाही." मी वाद घातला नाही. वाद घालायचं बळच नव्हतं.

त्याच दुपारी शाळेतून घरी आले तर नीलावहिनींचा, माझ्या मोठ्या जावेचा, फोन.

"मेघा, आईंचं जरा वेगळंच चाललंय गं. डोक्यात कुणीतरी टिचक्या मारतंय म्हणतात. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, बीपी बघितलं, सगळं नॉर्मल."

"कधीपासून?"

"झाले दहा-बारा दिवस. रोज सकाळी. मी पोळ्या करत असते तेव्हा. वीसेक मिनिटं चालतं आणि जातं. आणि गंमत म्हणजे शनिवार-रविवार काही नाही!"

माझ्या हातातली पर्स मी अजून खाली ठेवली नव्हती.

"टिचक्या म्हणजे कशा, वहिनी?"

"थांब, त्यांनी मला टेबलावर वाजवून दाखवलंय," म्हणत वहिनींनी नखाने फोनवर वाजवलं. टकटकटकटक... थांबल्या. परत टकटकटकटक. "आणि इथे गं, कपाळाच्या डाव्या बाजूला, जरा वर."

मी पलंगावर बसले. अजित भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हं म्हणेल आणि डोळे मिटेल. तो कुशीवर वळला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वेळ? नक्की वेळ विचारलीस?"

चार वर्षांत त्याने मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

मी परत फोन लावून वेळ विचारली. वहिनींचं उत्तर — पावणेनऊच्या आसपास. आम्ही साडेआठला पोचायचो, कॉइल बसवेपर्यंत पावणेनऊच होत. अजित उठून बसला. "योगायोग असणार," तो म्हणाला. "वयामुळे होत असेल. पण तपासता येईल. सोमवारी वेळ बदलून बघू. गिरगावात काही बोलू नकोस."

म्हणजे सोमवारी तो जाणार होता. मला तेवढंच पुरे होतं.

प्राचीला विनंती करून आम्ही सोमवारची सकाळची वेळ रद्द केली आणि दुपारी चारची घेतली. तिला कारण सांगितलं नाही. सकाळी दहाला मी सहज म्हणून वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज काहीच नाही गं. बरं झालं, गेलं वाटतं." अजितने ते वहीत लिहून ठेवलं. थरथरत्या अक्षरात, पण लिहिलं.

चार वाजून दहा मिनिटांनी यंत्र सुरू झालं. मी खुर्चीशेजारी स्टुलावर होते. पाच मिनिटं गेली, सात गेली... आणि माझा फोन थरथरला. वहिनी. मी बाहेर पळाले.

"मेघा, आई दुपारच्या झोपल्या होत्या त्या दचकून उठल्या बघ. म्हणतात, आज दुपारी कसं काय आलं?"

अंगावर काटा येणे हा शब्दप्रयोग मी मुलांच्या निबंधात खोडत आलेय. त्या दिवशी पॅसेजमध्ये उभी राहून दोन्ही हातांवर तो बघितला.

खुर्चीतून उतरल्यावर अजितने सगळं ऐकलं आणि वहीत वेळ लिहून घेतली. टॅक्सीत बसल्यावर रडायला लागला. लहान मुलासारखा, नाक वाहीपर्यंत. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि न विचारता पाण्याची बाटली मागे दिली. हिंदमाताचा चौक येईपर्यंत अजित सावरला आणि म्हणाला, "गिरगावला घे टॅक्सी. आईला मी सांगतो."

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. अजितने त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. चार वर्षं, गोळ्या, ते "मी नसलो तर"सुद्धा. वहिनी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. सासूबाई मात्र रडल्या नाहीत. बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या वेळच्या बाळंतपणानंतर मी अशीच भिंतीकडे तोंड करून पडले होते. वर्षभर. तुला पाजायलासुद्धा उठवत नव्हतं. लोक म्हणाले, बाहेरचं झालंय. माझ्यावरून लिंबं उतरवून टाकली, नाकाखाली धुरी दिली. आपोआप कधी बरी झाले मलाच कळलं नाही." मग त्याचा हात धरून म्हणाल्या, "तुला निदान खुर्ची तरी मिळाली. मला दाखव ती."

ही गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. मोठ्या दिरांनाही नाही.

बुधवारी सकाळी त्यांना परळला नेलं. इस्त्रीची सुती साडी, हातात रुमाल. प्राचीने त्यांच्यासाठीही कानाचे बोळे आणले. यंत्र सुरू झालं. मी अजितकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. टकटकटकटक... थांबलं. परत टकटकटकटक.

"आई, होतंय का काही?"

त्यांनी मान हलवली. "नाही गं. नुसता आवाज येतोय."

त्या दिवसापासून त्यांच्या टिचक्या बंद झाल्या त्या झाल्याच. नंतर अजितची ट्रीटमेंट तीन आठवड्यांहून जास्त चालली, पण गिरगावात पुन्हा काही नाही. त्या बुधवारी निघताना त्यांनी प्राचीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, फार मोठं काम करतेस हो." प्राची एकदम लाजली. रोज दहा-बारा डोक्यांवर ती कॉइल धरत असेल, तिला हे कुणी म्हटलं असेल की नाही कोण जाणे.

डॉक्टरांना मी अजितची वही दाखवली. त्या हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. सगळं नीट वाचलं. मग म्हणाल्या, "या चुंबकाचा प्रभाव कवटीच्या आत दोन-तीन सेंटिमीटर जातो. परळहून गिरगावला जात नाही. मला याचं उत्तर माहीत नाही." इतक्या शिकलेल्या बाईने इतक्या सहज "माहीत नाही" म्हणावं... माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथे दुप्पट झाला.

अजित बरा झाला. एका सकाळी उठून नाचायला लागला असं नाही. चौथ्या आठवड्यात आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. पाचव्यात जुन्या मित्राला आपणहून फोन केला. आता तो कामावर जातो, हात थरथरत नाहीत. एक गोळी अजून चालू आहे. पुन्हा कधी उतरण लागू शकते, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, आणि लागली तर खुर्ची आहे. यंत्राने काय केलं ते मी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून समजावू शकते. सासूबाईंना काय झालं, त्याची आकृती मला येत नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. योगायोग म्हणणार असाल तर ते आमचं म्हणून झालंय.

मध्यंतरी सासूबाईंना एकदा विचारलं, "त्रास व्हायचा का हो तेव्हा?"

"पहिले दोन-चार दिवस घाबरले," त्या म्हणाल्या. "मग नाही. मग मी अंघोळ, वेणीफणी उरकून पलंगावर बसून राहायची. यायची वाट बघायची."

"वाट? का?"

"ते झालं ना, की दिवसभर उगाच अजितची आठवण यायची. आणि वाटायचं, त्याचं काहीतरी चांगलं चाललंय."