काळूरामची अट

कर्जतजवळच्या कोंडाण्याचा काळूराम पाहुण्यांना लेण्यापर्यंत नेई, पण त्याची एक अट असे. कुणी वहीत काही लिहिलं, तर गाव सोडण्याआधी ते त्याला वाचून दाखवायचं. नाहीतर बुवा पायवाटेवर आडवा उभा. लोक हसत, पण वाचून दाखवत.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं कर्जतच्या एका मास्तरांनी. कुणा जुन्या इंग्रज प्रवाशाचं पुस्तक त्यांनी त्याला मराठी करून ऐकवलं होतं. त्यात लेण्याला दोन ओळी, आणि पुढे पानंच्या पानं काय, तर सागवान कुठे दाट आहे, घाट चढायला बैलांना कुठली वाट सोपी, तांदूळ काय भावाने मिळतो, इथे विलायती कापड खपेल का. "आधी अशा वह्या आल्या, मग कंपनी सरकार आलं," मास्तर म्हणाले.

"म्हंजे त्यो लेणं बघाया नव्हताच आला," काळूराम म्हणाला. "बाजार बघाया आलता." तेव्हापासून वही दिसली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत.

१९६८च्या वैशाखात मुंबईचे एक चष्मेवाले साहेब आले. साजगावकडे तेव्हा कारखाने उठत होते, म्हणून काळूरामने सरळच विचारलं, "कारखान्याचं मानूस हाय का तुमी?"

"नाही हो. मी लेण्यांचा अभ्यास करतो."

काळूरामचा काही विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेब बौद्धवाड्यात त्याच्या घरी आले, आपण होऊन पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले आणि आणखी मागितलं. काळूरामला धम्म घेऊन बारा वर्षं झाली होती, तरी गावातलं वरच्या जातीचं कुणी त्याच्या घरचं पाणी पीत नसे. माणूस विरघळलाच. पाणी कुठलं, असं साहेबांनी विचारताच तो कौतुकाने सांगत सुटला. वरचा झरा, वैशाखातही आटत नाही, भोवतीची जमीन कुणाची, बांध घातला तर कुठवर साचेल, सगळं सांगून झालं.

तिसऱ्या दिवशी निघताना साहेबांनी त्याच्याच ओट्यावर वही वाचून दाखवली. खांब, कमान, कोरीव काम. काळूराम खूश होता. कर्जतच्या हायस्कुलात शिकणारी त्याची मुलगी चंद्रभागा चहा घेऊन साहेबांच्या मागे उभी होती.

"आबा, त्यात असं नाय लिवलेलं," ती म्हणाली. "झऱ्याचं लिवलंय. पानी किती, बांध कुठं घालायचा, सस्तात मजूर किती मिळतील. ह्यांना हे सांगितलं कुनी?"

काळूरामने हात पुढे केला. "ती पानं द्या."

साहेबांनी पानं फाडून दिली. काही कुरकुर केली नाही, आणि तेच काळूरामला खुपलं. एवढ्या सहज देतोय, म्हणजे याला सगळं पाठ झालंय.

पानं त्याने चुलीत घातली, तरी त्याचा संताप जाईना, आणि तो स्वतःवरचाच होता. बारा वर्षांत त्याच्या घरी वरच्या जातीचा एकच माणूस पाणी प्यायला होता, आणि त्याला हवा होता तो झरा.