शेठचे कान

"शेठ, कान दाखवा! आधी डावा. डावा म्हटलं ना मी, उजवा काय पुढं करता?"

पेणमधल्या आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातून रोज सकाळी ही गर्जना उठायची आणि धरमतरच्या खाडीतली भरती जरा मागं सरायची. नव्या माणसाला वाटे, आत एखाद्या बहिऱ्या सावकाराला फैलावर घेतलंय. शेठ म्हणजे बोका. खुद्द तहसीलदाराला "अरे, बस" म्हणणारे आमचे आखणीवाले काका त्या एकट्या बोक्याला अहो-जाहो करीत.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. काकांनी डोळे आखले की मूर्ती आपल्याकडे बघते, असं लोक म्हणत. काका म्हणत, "बघत नाय, पारखून घेते." पण शेठचे दोन्ही कान उजेडात उलगडून पाहिल्याशिवाय हा माणूस ब्रशला हात लावत नसे. गुलाबी, कोरडे, वास नाही, मग दिवस चांगला. कारखान्यात पेंढा, पेंढ्यात उंदीर, आणि उंदरांवर पहारा शेठच्या कानांचा. गणपतीच्या घरात उंदरांचा असा बंदोबस्त. पण गणपतीनं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

एका हंगामात, रंगकाम ऐन जोरात असताना, शेठ मान झटकू लागले. मागच्या पायानं कान असा खाजवत की मला शेजारच्या घरात वारा लागे. कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसू लागली. गल्लीनं लगेच वैद्यकी सुरू केली. कुणी लसणाचं तेल सुचवलं, कुणी कापूर. खांब गावाहून आलेल्या एका पाहुण्यानं तर नवस बोलायला सांगितलं. काकांनी सगळ्यांना हाकललं. "माझ्या हाताखालून दोष सुटत नाय."

"अवो, पन बहिरा झाला तर?" काकूंनी डॉक्टरांना बोलवायचा हट्ट धरला.

रोह्याहून जनावरांचे डॉक्टर आले. शेठनी त्यांच्या बाहीच्या चिंध्या केल्या, तेव्हा लांबूनच बॅटरी मारून ते म्हणाले, "कान छान आहे की. नवाकोरा दिसतोय." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरकीची पदवी त्यांनाच मिळाली.

त्याच आठवड्यात शेठ मान वाकडी करून गोल गोल फिरू लागले. फळीवरून पडले ते एका मूर्तीची सोंड सोबत घेऊन. डाव्या बाजूनं मारलेली हाक त्यांना ऐकूच जाईना. काकूंनी ओल्या फडक्यानं कान पुसला, तर फडकं गुलाबी झालं. रक्त म्हणून मी ओरडणार, तोच त्या म्हणाल्या, "हा तर मूर्तीच्या अंगाचा रंग."

काका जमिनीकडे बघत होते. "आतून लाल झालेला. डॉक्टर येनार, म्हणून जरा हात फिरवला."

"शेडिंग पन केलंत?"

"थोडं."

तुम्ही हसाल, आम्हीही हसलो. पण ज्याचा उभा जन्म तडे बुजवण्यात आणि डाग झाकून माल पोचता करण्यात गेला, त्याला दुसरं काय सुचणार?

या वेळी काका स्वतः शेठना करंडीत घालून एसटीनं रोह्याला गेले. डॉक्टरांनी रंग काढला, आत खोल बघितलं, तर बारीक किड्यांची वस्ती. कानात घालायचं औषध दिलं आणि बजावलं: बाटली मुठीत कोमट करा, थेंब टाका, कानाचं मूळ बाहेरून चोळा, झटकू द्या, वर आलेलं कापसानं टिपा. आत काडी घालायची नाही. ब्रशही नाही.

केसासारखी पापणी एका दमात ओढणारा तो हात एक थेंब टाकायला पाव तास घ्यायचा. मग काका डावीकडे जाऊन हळूच म्हणायचे, "शेठ." त्यांना हळू बोलता येतं, हे गल्लीला तेव्हा कळलं. बरेच दिवस शेठ ढिम्म. मग एका सकाळी तो डावा कान, नुसता कान, आवाजाकडे वळला. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी आखलेल्या साऱ्या मूर्ती किंचित डावीकडे बघत होत्या, आणि गिऱ्हाइकांनी त्या मुकाट नेल्या.

पुढं एका हंगामानंतर, शेवटची मूर्ती रवाना करून, काका गेले. काही दिवसांनी मी कारखान्यात डोकावलो. काकांच्या रिकाम्या पाटाशेजारी शेठ बसले होते. काकू रंगाच्या वाट्या धूत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता शेठचे कान कोण बघतं?"

"मीच," त्या म्हणाल्या. "पुसते नि सोडते. रंगवत नाय."