वरच्या ओळीला लेसर, खालच्या ओळीला ब्लेड

माझ्या हिरड्या जन्मापासून काळ्या आहेत. आजार नाही, व्यसन नाही. कातडीसारखाच तो रंग. पण लोधीखेड्याच्या पहिल्या स्थळाला हे कोण सांगणार? मी जरा मोकळा हसलो आणि ‘मुलगा खर्रा खातो’ म्हणून नकार आला. (खर्रा म्हणजे ओठात धरायचा तंबाखू-सुपारीचा घोटा. मी साधी सुपारीसुद्धा खात नाही हो!)

म्हणून पांढुर्ण्याची मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी तोंडच उघडलं नाही. सगळं जुळलं! तिच्या वडिलांची अट एकच, जावई बिनखर्ऱ्याचा पाहिजे. आता साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या आत हिरड्या गुलाबी झाल्या नाहीत तर हेही स्थळ गेलं, या धास्तीनं मी बाबांना घेऊन नागपूरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, “ब्लेडनं वरचा थर खरवडता येतो. रक्त येतं, वर लेप बसवावा लागतो. लेसरनं रक्त कमी, पण खर्च जास्त. रंग मात्र दोन्हींत परत येऊ शकतो.”

मोहगावला आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबांचे डोळे चमकले. “हे तं डिंक्या रोगासारखंच झालं! आम्हीबी खोडाची साल खरवडतो अन् मलम लावतो.”

“बाबा, मी झाड नाही!”

“चूप बस बे. डॉक्टरसाहेब, नवीन औषध आलं का आम्ही एका ओळीले हे मारतो, दुसरीले ते. याच्या वरच्या ओळीले लेसर लावा, खालची खरवडा. पाहू कोनतं चांगलं राह्यते!”

डॉक्टर आम्हाला हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांना कल्पना आवडली!

दुसऱ्या दिवशी वरची हिरडी लालभडक, खाली लेप आणि ओठ सुजून फुगलेला. नेमके तेव्हाच भावी सासरे मुलीला घेऊन अंगठीचं माप द्यायला सौंसरला आमच्या घरी हजर!

“काय म्हनता, जावईबापू?”

“उंऽऽ.”

त्यांची नजर माझ्या फुगलेल्या खालच्या ओठावर थांबली. चेहरा उतरला. “आधी थुकून या. मी थांबतो.”

“थुकू नोको बे!” बाबा ओरडले. “सारा माल बाहेर येईन!”

सासरे उठून चपला शोधू लागले. शेवटी आईनं माझी हनुवटी धरून तोंड उघडलं आणि बाबा बगीचा दाखवल्यासारखे बोट फिरवू लागले, “ही लेसरची ओळ, ही ब्लेडची.”

सासरेही संत्रेवालेच. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. “मले तं खालची लवकर भरन असं वाटून राहिलं.”

“नाई हो, वरची!”

दोघांचा वाद चहापर्यंत रंगला. लग्न वाचलं!

“पन हे केलं काहून?” मुलीनं माझ्या आईला हळूच विचारलं.

“हिरड्या काळ्या होत्या न बाई.”

“मले काय मालूम! त्या दिवशी तोंडच उघडलं नाई यांनी. मले वाटलं, समोरचे दातच नसतीन. तरी मी हो म्हटलं!”

म्हणजे मी बोळका चालणार होतो, आणि हिरड्या सोलून घेऊन बसलो!