मेळ्यातून गाळलेलं पद

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. नागपूरच्या आमच्या कोष्टी मोहल्ल्यात गणपतीत गाणारा मुलींचा मेळा माझ्याकडे होता आणि त्याची पदं शेजारचे एक विणकर लिहीत. त्या वर्षी त्यांनी हातमागावर बसलेला नवरा आणि त्याला कांड्या भरून देणारी बायको यांच्यावर पद लिहिलं. मुलींनी ते पाठही केलं. पण त्याच सुमारास ते विणकर बायकोला सोडून दुसरीकडे राहायला गेले. मी पद गाळलं.

ते तालमीला आले. "पदात काई चुकलं का गा?"

"पद चांगलं आहे. तुमीच चांगले नाही."

त्यानंतर त्यांनी एकही ओळ लिहिली नाही.

गणपती झाल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांच्या बायकोकडे पद गाळल्याचं सांगायला गेलो. ती चरख्यावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरत तेच पद गुणगुणत होती.

"काकू, तुमी काहून गाऊन राहिल्या हे?"

"नवरा खराब निंगाला गा. गाणं काहून खराब होईन? त्यातली कांड्या भरनारी बाई मीच हाओ. तू कोन मले गाळनारा?"

कवीचं घर पाहून कविता जोखू नये, हे मी आज ठामपणे सांगतो. ज्या बाईला ते घर सर्वांत जास्त ठाऊक होतं, तिनंच मला हे शिकवलं.

पुढे एकदा ते विणकर सदरच्या बाजारात समोरून आले आणि थांबले. 'तुमचं पद गाळलं, माझं चुकलं,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आज ऊन लय आहे."