मरान घे गो एकदा

मला मुंबईत टिकवलं ते काकांनी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी काळजी नको. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ऑफिसात सगळे काकाच म्हणायचे.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर आधी हेच नजरेत भरलं असतं. पडद्यावरच्या गेममध्ये स्वतः मेले की काका दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि मान डोलवायचे, ताटात आवडीचं कालवण पडल्यासारखी. आणि दुसरं कुणी मरायला घाबरलं की म्हणायचे, "मरान घे गो एकदा, मगे बोलूया."

अंधेरीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस. तिथे जुन्या धाटणीचे व्हिडिओ गेम बनवतात. मी नांदेडकडची, नववीत शाळा सुटलेली, वाकोल्याला मावशीकडे राहणारी. तिथे झाडलोट करायला जायचे. गेम बनवणाऱ्या पोरांना आपल्या गेममधलं भुयार तोंडपाठ झालं होतं, ते कठीण झालंय की सोपं हेच त्यांना कळेना. ज्याने जन्मात गेम खेळला नाही असं माणूस हवं होतं. गेम खेळून तपासायचं काम काकांचं. त्यांनी माझ्या हातातला झाडू घेऊन भिंतीला लावला आणि खुर्ची पुढे ओढली. सर, म्हणजे मालक, म्हणाले, महिनाभर बघू. झाडलोटीला दुसरी बाई लागली. म्हणजे इथे नाही जमलं तर तेही गेलं.

आईला फोन केला. म्हणाली, "नाही जमलं तर ये परत." मग जरा थांबून, "पण इथं तरी काय हाय?"

भुयार असं होतं. आपण स्वतःला दिसत नाही. दिसते फक्त हातातली बंदूक आणि पुढे दगडी बोळ, सगळं जाड्या जाड्या चौकोनांचं. गोळ्या थोड्या. प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्याच दाराआड. आणि मेलात की पुन्हा थेट वरच्या जिन्यावर, मिळवलेलं सगळं गेलं. चौकोन असले म्हणून काय झालं, हेडफोन लावला की मला त्या बोळात एकटीला कोंडल्यासारखं व्हायचं. तळवे गार पडायचे.

पहिल्या दिवशी मी पहिल्या दारापाशी जाऊन उभी राहिले ती जेवायची वेळ झाली तरी तिथेच. सर मागून आले. "काय झालं? हँग झाला का?"

"नाही," काका म्हणाले, "ती उभी आहे."

मला वाटत होतं मेलं म्हणजे नापास. सर गेल्यावर काका कानाशी आले. "तुका मराकच ठेवलाहा गो. तू जगलंस तर आमका काय कळतला?"

मग मी मरायला लागले. खड्ड्यात, भाल्यांवर, आपल्याच गोळीने. दर वेळी काका एकच विचारायचे, "हसू इला की राग इलो?" हसू आलं तर खेळ कठीण, राग आला तर खेळ लबाड. लबाड जागा पोरांना दाखवायची, बस्स. एवढंच आमचं काम.

तिसऱ्या तळघरात एक राक्षस होता, बिनडोळ्यांचा. काका त्याला भाडेकरू म्हणायचे, कारण तो भिंतीतून हलत नाही आणि घर आपलंच समजतो. तिथे मला हसूही येईना, रागही येईना. नुसती धडधड. बोळ मोकळा असायचा आणि एकदम डावीकडून नखं. रोज. रात्री मावशीच्या मोरीकडे जायलासुद्धा मी भिंतीला पाठ लावून जायचे.

काका दोन दिवस बघत राहिले. मग भाकरीचा डबा उघडता उघडता म्हणाले, "तू रोज खुर्ची उचलून माझ्या डाव्या बाजूक कित्याक येतंस?"

काय सांगणार? माझा डावा कान लहानपणी वाहून वाहून गेला. उजवा कान माणसाकडे करून बसायची सवय. भाडेकरू यायच्या आधी डाव्या कानात श्वास घेतो, तो बाकी सगळ्यांना ऐकू यायचा. मी काकांचा हात धरला. "सरांना सांगू नका." काका चावत राहिले.

महिना भरला. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि मी त्यांच्यासमोर भाडेकरूपाशीच मेले. "काका, ही फार घाबरते यार. घाबरट माणसाला काय कळणार कठीण कुठे ते?"

"खरंय," काका म्हणाले. "जरा बसा ना सर. तुम्ही दाखवा तिला."

सर बसले. काकांनी त्यांच्या डाव्या कानावरून हेडफोन सरकवून गालावर आणला. सर मेले. परत मेले. पोरं जमली. परत मेले.

"हे चीटिंग आहे. दिसतच नाही तो."

"श्वास घेतला की त्याने," काका म्हणाले.

"मला कुठे ऐकू आला?"

"तिलाही येत नाही."

मी खाली बघत राहिले. आता मावशीला काय सांगू, एवढंच डोक्यात. सरांनी हेडफोन काढला. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

ते चित्रं काढणाऱ्या पोराकडे वळले. "तो यायच्या आधी भिंतीवरची मशाल फडफडू दे." मग मला म्हणाले, "उद्यापासून बाकीचं भुयारपण एका कानाने बघ."

उतरताना मी काकांवर चिडले. "सांगणार नव्हतात ना?"

"मी खंय हो म्हटलंय? मी तर भाकरी खाय होतंय."

पुढे काकांचा उजवा हात थरथरायला लागला. नेम चुकायचा. ते मरायचे आणि मान डोलवायचे. मग एक दिवस पहिल्याच दारापाशी मेले आणि मान हलली नाही. मी विचारलं, "काका, हसू की राग?"

"भियालंय गो," ते म्हणाले. तेव्हा मीही भ्याले. काका घाबरू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

आता ते कुडाळला मुलीकडे असतात. फोनवर म्हणतात, बरा आसा, आणि मागे टीव्ही मोठ्याने लागलेला असतो. इथे त्यांच्या खुर्चीवर पोरं बॅगा ठेवतात. मी अजून घाबरते, सरांसमोर बोलताना तर जीभ वळत नाही. तरी दर आठवड्याला त्यांना तेच सांगते, हे भुयार एका हाताने खेळता आलं पाहिजे. सर बघू म्हणतात. एक दिवस मी ते करून घेणार आहे, कुडाळला नेणार आहे आणि काकांच्या डाव्या हातात देणार आहे.