हेलनची चौथी कादंबरी आणि आमचा मंगळवार

दह्याचे रिकामे डबे माझ्याच्याने फेकवत नाहीत, तसेच किस्सेही. कपाट उघडलं की अंगावर कोसळतात. त्यातले हे हेलनचे.

हेलन इंग्लंडची. तीन कादंबऱ्या छापलेल्या. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात लेखन शिकवायला आली आणि माझ्या शेजारी राहिली. मी सातवी पास. इंग्रजी पन्नाशीनंतर इथल्या लायब्ररीत बसून शिकले. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे भ्यायचंही कुणाला नव्हतं! तिथेच मंगळवारी संध्याकाळी आम्ही वाचायला जमतो: मी, पूल बांधून रिटायर झालेले देशपांडे आणि आयटीतली नागपूरची राधिका. हेलनला मीच ओढून नेलं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "चौथी कादंबरी एप्रिलअखेरपर्यंत प्रकाशकाने स्वीकारली नाही, तर माझी नोकरी रिन्यू होणार नाही. मग व्हिसाही गेला."

राधिकाने लगेच खुर्ची तिच्याजवळ सरकवली. व्हिसा म्हटलं की आम्ही सगळे सख्खे!

•

जानेवारीत थालीपीठ द्यायला तिच्याकडे गेले. घर लख्ख! पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. थालीपीठ टेबलावर ठेवलं आणि आधी विचारलं.

"हेलन, किती लिहिलंस?"

"ओव्हन आतून घासला," ती म्हणाली. "दोनदा."

•

देशपांड्यांनी उपाय काढला. "पूल आम्ही दोन्ही काठांकडून बांधत आणतो. तू शेवट आधी लिही, मग मधे ये."

बिचारीने ऐकलं! तीन आठवड्यांनी आली ती डोळे सुजवून.

"मिस्टर देशपांडे, सुरुवातीची नायिका शेवटच्या नायिकेला ओळखतच नाहीये."

देशपांडे गंभीरपणे म्हणाले, "सर्व्हे चुकला असणार."

•

मग तिने अर्धंमुर्धं हस्तलिखित आम्हाला वाचायला दिलं. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते करतो.

राधिकाने ऑफिसच्या सवयीने चुकांची यादीच बनवून आणली. एकूण त्रेचाळीस बग! "पान अठ्ठ्याऐंशी: आजोबा वारले. पान एकशेचाळीस: आजोबा चहा पितायत. प्रायॉरिटी हाय."

हेलनचा चेहरा उतरला. "ते मला चहासाठी हवेत गं."

"मग आधीचं मरण कॅन्सल कर," राधिका म्हणाली. "आजच्या आज क्लोज होईल."

•

माझी पाळी आली. मी सांगितलं, "तुझ्या पुस्तकातली माणसं फार सभ्य आहेत. एकमेकांना दुखवायला नको म्हणून कुणी खरं बोलतच नाही. अशा घरात मी दहा मिनिटंही बसणार नाही."

हेलनने हस्तलिखित उचललं. कोट घातला आणि गेली.

लेक घरी माझ्यावर उखडली. "आई, पब्लिश्ड ऑथरला असं बोलतात का?"

"छापलं म्हणजे काय सोवळ्यात गेली?" मी म्हटलं खरं, पण ताट तसंच सरकवलं. पुढचा मंगळवार गेला, हेलन नाही. त्याच्या पुढचाही गेला, मग सगळा मार्च. दारावरची बेल वाजवली, उघडलं नाही. तिच्या खिडकीचा पडदा हलला की जिवात जीव यायचा. माझ्या या तोंडापायी एका बाईचा मुक्काम उठला तर? एवढी वर्षं जगले, पण दुसऱ्याच्या व्हिसाची अशी धास्ती कधी घेतली नव्हती.

•

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी ती आली. केस विंचरलेले नाहीत, हातात फोन. पुस्तक गेल्या आठवड्यात पाठवलं होतं, आता संपादकाचा फोन येणार होता. एकटीने ऐकायचा धीर नव्हता म्हणून ती आमच्याकडे आली. लायब्ररीच्या छोट्या खोलीत दार लावून बसलो. फोन वाजला. राधिकानेच स्पीकर लावला.

संपादक म्हणाला, "हेलन, तू नव्याने घातलेल्या म्हातारीपाशी मी अडलोय. इतकं तोडून कुणी बोलतं का? वाचकाला पटणार नाही. तिला बदलल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही."

हेलनने डोळे मिटले. देशपांडे माझ्याकडे बघायला लागले. राधिकाही.

मी फोन पुढ्यात ओढला. "कुठलं वाक्य पटलं नाही? वाच."

"आपण कोण?"

"आधी वाच."

त्याने वाचलं.

"हे मी फेब्रुवारीत म्हटलंय," मी म्हटलं. "पुढचं?"

त्याने पुढचं वाचलं, जरा हळू.

"हे देशपांड्यांना. समोरच बसलेत, विचार. पुढचं?"

पलीकडे बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. मग तो खाकरला.

"हेलन," तो म्हणाला, "म्हातारी आहे तशी राहू दे. बाकी पुस्तकात मला काही अडचण नाही."